रेहानाच्या खांबाखालची टीप

ही गोष्ट मी बायकोला सांगितलेली नाही. ज्यांच्याबरोबर रोज डबा खातो, त्यांनाही नाही. तुम्हाला का सांगतोय? तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून असेल.

रत्नागिरीच्या एका कचेरीत मी मासळीचे आलेख काढतो. कुठल्या जेटीवर किती मासळी उतरली, त्याचे खांब. मोजणी करायला जेटीवर कंत्राटी माणसं असतात. रेहाना त्यातली एक — नवरा आखातात, पदरी दोन मुली, आणि जिभेला हाड नाही.

एकदा मी तिच्या जेटीवर पिशवी घेऊन गेलो. कचेरीतला माणूस आला की त्याला पापलेट फुकट, ही आमची जुनी खोड. ती सगळ्यांसमोर म्हणाली, "सर, पिशवी मोठी आणलीत. पाकीट आणलंत ना?" खलाशी पोट धरून हसले. मीही हसलो — काय करणार? पण ते डोक्यातून गेलं नाही. एवढंसं बोलणं, आणि मी ते महिनोन्‌महिने चघळत बसलो.

त्या हंगामात तिच्या जेटीपुढे गाळ साचला. होड्या पलीकडच्या बंदरात लागू लागल्या. तिचा खांब बुटका होणार हे उघड होतं. तिने फोन केला — सर, गाळाची टीप खाली टाका हां, नायतर मी घरात बसून आकडे भरते असं वाटेल लोकांना. मी टाकली. खरंच टाकली, माझ्या स्क्रीनवर दिसत होती.

पण आम्ही आलेख काढतो त्या प्रोग्राममध्ये शीर्षक आणि तळटीप स्क्रीनवरच्या पानावर येतात, चित्रात येत नाहीत. आलेख चित्र म्हणून बाहेर काढला की नुसते खांब उरतात. दोन्ही चित्रातच घ्यायची सोय आहे, एका चौकोनात खूण करायची असते. मला माहीत नव्हतं? चांगलं माहीत होतं. शीर्षक गळलेलं दिसलं तेव्हा ते मी अहवालात हाताने पुन्हा टाइप केलं — बिनशीर्षकाचा आलेख साहेबांनी माझ्या तोंडावर फेकला असता. टीप मात्र नाही केली.

बैठकीत साहेबांनी बुटक्या खांबावर बोट ठेवलं. "ही बाई जेटीवर जाते तरी का?" मी समोरच होतो. एक वाक्य बोलायचं होतं. मी चहा प्यायलो. आणि मला बरं वाटलं — हो, बरं वाटलं.

तिचं कंत्राट पुढे वाढलं नाही. ती विचारायला आली, तेव्हा मी म्हटलं, टाकली होती गं, कॉम्प्युटरने खाल्ली. ती आल्या पावली परत गेली.

यंदा जिल्ह्यातल्या मोजणीदारांना आलेख शिकवायचं काम माझ्याकडे आलं. पहिल्या बाकावर रेहाना. आता दापोलीकडे कुठल्याशा खासगी सर्वेक्षणात आहे, निम्म्या पगारावर. पहाटेची एसटी पकडून आली होती. मी ती खूण करून दाखवली, टीप चित्रात उतरली. तिने ते वहीत टिपून घेतलं. वर्ग सुटल्यावर ती जवळ आली.

"तेव्हा ही सोय नव्हती ना, सर? नायतर तुम्ही घेतलीच असतीत."

"नव्हती," मी म्हणालो.

तिने पिशवीतून सोड्यांची, म्हणजे सुक्या कोलंबीची, पुडी काढून माझ्या हातात दिली. मी पाकीट काढलं. "राहू दे, सर," म्हणाली. पुडी मी घरी आणली. बायकोने सोड्यांचा भात केला, आणि मी दोनदा वाढून घेतला.