कमलताईची तीन कलमं

नेता, गुन्हेगार, निवडणूक हे शब्द कानावर आले की तुमाले वाटते आता काळ्या गाड्या येतीन, कोणाचं तरी मोठ्ठं नाव फुटन. काही फुटत नाही. ह्या गोष्टीत एक खोली आहे, एक माइक आहे अन् मी आहे. गाडी म्हणसान तर भोंगा लावलेला ऑटो. ज्याले उठून जायचं त्यानं आत्ताच जावं, मंग बोलू नये.

मी अमरावतीले बडनेरा रोडवरच्या एका स्टुडिओत आवाज देतो. शाळेत हेडमास्तरची नक्कल केली तर छड्या भेटल्या, आता नक्कल केली की पगार भेटते. निवडणुकीत ऑटोवर जो माणूस 'बंधू आणि भगिनींनो' करून कान किटवते ना, तो मीच. एका दिवसात तीन पार्ट्यायचा असतो.

महापालिकेची निवडणूक लागली अन् अकोल्यावरून राजूभाऊ आले. जुन्या शहरातले उमेदवार. सोबत दोन पोट्टे अन् हातात घडी केलेला कागद.

"अव्या, ह्या बारीले साधं नाही पाह्यजे. कमलताईचा आवाज काढ. तिच्याच तोंडून म्हणव, मी गुन्हेगार आहे, मले मत द्या."

कमलताई म्हणजे त्यायच्या विरोधातल्या उमेदवार. घरचा फुलाचा धंदा. आवाज असा, का मोर्णा नदीच्या ह्या काठावरून हाक मारली तर त्या काठावरचा माणूस वळून पाह्यते. काढायले एकदम सोपा.

"काहून गुन्हेगार?" मी विचारलं.

त्यायनं कागद उघडला. ते कमलताईचं प्रतिज्ञापत्र होतं. फॉर्म भरताना उमेदवाराले आपल्यावर कोणत्या केसेस आहेत ते स्वतः लिहून द्या लागते. ते कोणीही वाचू शकते. तर त्यात 'प्रलंबित', म्हणजे कोर्टात अजून चालू असलेली, एक केस. तीन कलमं. अन् खाली 'शिक्षा झाली असल्यास' समोर लिहून होतं 'निरंक'. निरंक म्हणजे काहीच नाही.

"भाऊ, शिक्षा निरंक आहे."

"अन् वरचं दिसून नाही राहिलं का तुले? तीन कलमं! एक नाही, तीन!"

"एकाच केसची तीन आहेत."

"मंग तर पक्कीच आहे ना बाप्पा!"

मी त्यायले क्रिकेटमधून समजावलं. केस म्हणजे अपील. बॉलर बोंबलला म्हणून कोणी आउट होत नाही, अंपायरचं बोट वर जा लागते. तोपर्यंत फार तर आरोपी म्हणा.

राजूभाऊ म्हणे, "पण बॉलर मी आहो ना? मले दिसला आउट."

मी मालकाकडे पाह्यलं. मालक म्हणे, "अव्या, तू आवाज दे. वकिली करू नको. तसंही आपण आज डेमोच देऊन राहिलो."

डेमो म्हणजे नमुना. प्रचाराची जाहिरात वाजवायच्या आधी निवडणूक ऑफिसच्या कमिटीची परवानगी लागते. ते भेटेपर्यंत गिऱ्हाइकाले फक्त ऐकायले एक कच्चं रेकॉर्डिंग देतो, त्याच्या मोबाइलवर.

आता खरं सांगतो. माइकसमोर उभा राह्यलो की मले काही आठवत नाही. प्रतिज्ञापत्र गेलं, अंपायर गेला. पह्यल्याच टेकमंदी कमलताई हुबेहूब निघाल्या. मी तर त्यायचं खाकरणंही टाकलं, मधात एक 'माय बाई' टाकली. दोघं पोट्टे पोट धरून हासले. मालक हासला. मीही खूश.

दुसऱ्या दिवशी मालकानं मलेच परवानगीसाठी अकोल्यात पाठवलं. कमिटीच्या मॅडमनं स्क्रिप्ट वाचली, चष्मा काढला अन् विचारलं, "यांना शिक्षा झाल्याचा कागद?"

"मॅडम, केस आहे ना."

"केस मला दिसते. शिक्षा दाखवा."

म्हणजे कालचे माये डायलॉग मॅडम मलेच ऐकवून राहिल्या होत्या. मंग त्यायनं दुसरी फाइल काढली अन् मायासमोर सरकवली.

"हे वाचा."

ते राजूभाऊचं प्रतिज्ञापत्र. तेच पोलीस स्टेशन, तोच गुन्हा नंबर, तेच तीन कलमं. रस्ता अडवणं, बेकायदा जमाव, सरकारी कामात अडथळा. हंडा मोर्चाची केस होती. तवा हे दोघं एकाच पार्टीत होते. नळाले पाणी नव्हतं म्हणून रिकामे हंडे घेऊन रस्त्यावर बसले, अन् पोलिसायनं सगळ्यायचे नावं लिहून घेतले. राजूभाऊचा फॉर्म वकिलानं भरला होता. राजूभाऊनं न वाचता सह्या ठोकल्या होत्या.

"मग तुमच्या उमेदवारालाही गुन्हेगार म्हणायचं का?"

"मॅडम, मी फक्त आवाज देतो."

"आता नका देऊ."

परवानगी नामंजूर.

तिथून मी सीधा राजूभाऊच्या प्रचार ऑफिसात गेलो. समजावून फायदा नव्हता. सगळ्या कार्यकर्त्यायसमोर मी त्यायचाच आवाज काढला, "मी तुमचा राजूभाऊ! मायावर तीन कलमं! मी गुन्हेगार, मले मत द्या!"

राजूभाऊ खुर्चीवरून उठले. "अबे ए! लोकायच्या पाण्यासाठी बसलो होतो मी रस्त्यावर! कोर्टानं शिक्षा देली का मले? दाखव कागद!"

"हेच मी कालपासून म्हणून राहिलो ना भाऊ."

"तिची गोष्ट वेगळी."

"तिचा हंडा तुमच्या बाजूलेच होता."

"ते पुढं बसली होती," राजूभाऊ म्हणे.

डोकं फोडून घ्यावंसं वाटलं. पण जाहिरात बदलली. पाणी कधी येईन, नाल्या कधी होतीन, असं सपक काहीतरी आमी नवीन बनवलं. 'तो डेमो काढून टाका' म्हणून मी त्यायले बजावलं. त्यायनं मायासमोर काढलाही.

पण डेमो ऐकल्याऐकल्या त्या दोन पोट्ट्यायनं तो ग्रुपवर टाकला होता. भोंग्यावर तो एकदाही वाजला नाही, अन् जुन्या शहरात ज्याच्या त्याच्या मोबाइलवर वाजून राहिला होता. आमच्या धंद्यात कच्चं-पक्कं काही नसते. माइकसमोर बोललं ते बोललं. हे मी आता शिकलो.

चार दिवसांनी दुपारी स्टुडिओचं दार उघडलं.

"कोण होय तो अव्या?"

आवाजावरूनच समजलं. मालक पाणी आणायले पळाला. मी उभा राह्यलो अन् नको ते बोललो, "ताई, मी सांगतलं होतं राजूभाऊले, तुमची शिक्षा निरंक आहे म्हणून."

"म्हणजे तुले माईत होतं?"

"कागद वाचला होता, ताई."

"राजूचं सोड, तो मायाविरुद्ध उभा आहे, तो बोलनच. तू कोण? तू कागद वाचला. निरंक वाचलं. अन् वाचून मायाच आवाजात मले गुन्हेगार म्हणवलं? सुनेच्या माहेरून फोन आला. सासूबाई किती वर्षं आतमंदी होत्या, विचारून राहिले. सून तिकडं रडते, इकडं लोक माया दुकानाहून हार घेता घेता गालात हासतात. कोणाकोणाले दाखवू तो कागद? फुलाच्या पुडीले बांधून देऊ का घरोघरी? ते लोक म्हणतीन, आमी तर ताईच्या तोंडून ऐकलं!"

तेवढ्यात मालक गिलास घेऊन आला.

"मले काय देता पाणी?" कमलताई म्हणे. "ह्याले पाजा. लय बोलला हा."