मागून चालणारी हिराताई

मुक्ता, ईशान,

गेल्या रविवारी व्हिडिओ कॉलवर तुम्ही विचारलंत, "आजी, यंदा मॅरेथॉनला एकटीच का गेलीस?" मी आवाज नीट येत नसल्याचं सांगून फोन ठेवला. आवाज नीट येत होता. पण उत्तर लांब होतं, आणि मध्ये मला रडू आलं असतं तर तुम्ही दोघं तिकडे उगाच घाबरला असता. म्हणून लिहिते आहे. शिवाय तुमच्या हिराआजीला तुम्ही सुट्टीत दोन-चारदाच भेटलात. ती कोण होती हे सांगणारं माणूस आता मीच उरले आहे.

दिवाळी होऊन गेली होती, आकाशकंदील अजून उतरवला नव्हता. सकाळी मी बूट घालून फाटकाशी उभी होते. जवळच्या कोन गावाहून हिराताईची रिक्षा यायची आणि मग आम्ही दोघी फिरायला निघायचो, हा आमचा नेम. रिक्षा आली नाही, तिच्या सुनेचा, सुनंदाचा फोन आला. "मामी, आई उठत न्हाय. हाका मारल्या, हलवलं... चहा तसाच निवला." मी तशीच, बूट न काढता, कोनला गेले. हिराताई कुशीवर झोपली होती, एक पाय पांघरुणाबाहेर. डॉक्टर येऊन गेले होते. मी तो पाय झाकला. तो चांगलाच गार होता.

हिराताई तुमच्या आजोबांची धाकटी बहीण, म्हणजे माझी नणंद. वयानं आम्ही बरोबरीच्या. मी लग्न होऊन भिवंडीत आले ती इंग्रजी शाळेत शिकलेली, कपाटातल्या साड्या रंगांप्रमाणे लावणारी मुलगी. तिचं शिक्षण चौथीत सुटलेलं, भातशेतीत वाढलेली. सासूबाई होत्या तोवर मी तिला अहो-जाहो करत असे, नंतर ते आपोआप गळून पडलं. तिनं मात्र मला शेवटपर्यंत "तुमी"च म्हटलं आणि त्या "तुमी"तच सगळे टोमणे मारले. "आमची वैनी भुकेला इचारत न्हाय, घड्याळाला इचारते," असं ती पाहुण्यांसमोर सांगायची.

आजोबा गेले त्यानंतर मी घराबाहेर पडेना. दिवसभर खिडकीत बसून शेजारच्या शेडमधल्या कापडाच्या लूमचा खडखडाट ऐकायचा, एवढंच. एका सकाळी ही दारात उभी. "चला." कुठे, म्हणून विचारलं, तर म्हणाली, "कुठं न्हाय. चालाया." तेव्हापासून आम्ही चालू लागलो. गोदामांच्या भिंतींकडेनं, कंटेनर चुकवत, वळ गावाच्या बाजूला जाऊन परत. चैत्रात कोनच्या बायका वज्रेश्वरीला पायी जातात, त्यांच्यातही तिनं मला ओढलं. त्या बायकांची चालण्याची एक रीत आहे. पुढच्या बाईनं मागं वळून बघायचं नाही. बघितलं की मागच्या बाईचे पाय जड होतात, असं त्या मानतात. त्याऐवजी मागचीनं अधूनमधून आवाज द्यायचा. मी भरभर चालणारी, म्हणून नेहमी पुढे. मागून तिच्या चपलेची फरफट यायची, आणि मला काळजी वाटायच्या आधीच आवाज, "हाय, वैनी. हाय."

दोन वर्षांपूर्वी तिच्या मुलानं मुंबईच्या मॅरेथॉनमध्ये ज्येष्ठांच्या छोट्या दौडीसाठी आमची नावं दिली. तो पहाटे गाडीनं आम्हाला सोडायलाही आला. दौड म्हणजे काय, हे मी हिराताईला समजावून सांगितलं होतं. तिनं मान डोलावली होती. पण तिनं तिचाच अर्थ घेतला होता, हे सगळं संपल्यावर कळलं. वाटेत पाणी देणाऱ्या प्रत्येक मुलीला ती हात जोडत होती, गाव विचारत होती. मागून आवाज येतच होता. आम्ही शेवटची कमान ओलांडली, गळ्यात पदकं पडली, हातात केळं आणि बिस्किटं आली. हिराताई चहूकडे बघत म्हणाली, "देव कुठंय?"

"कुठला देव?"

"एवढी माणसं चालत आली ती कोनाच्या दर्शनाला?"

मी सांगितलं, इथे देव नाही, हे असंच धावतात, तब्येतीसाठी. तिनं विचारलं, "असंच?" मग केळं पिशवीत ठेवलं. दर्शन झाल्याशिवाय तोंडात काही घालायचं नाही, हा तिचा वज्रेश्वरीचा नियम. मी दिवसाची आखणी करून आले होते. आधी नाश्ता, मग म्युझियम, मग गेटवे, मग दुमजली बस. ती उपाशी, म्हणून माझाही नाश्ता राहिला. एक-दोन देवळं मी सुचवली. तिनं मान हलवली. "ते त्यांचे. आपुन त्यांच्याकडं निघालोच नव्हतो." म्युझियममध्ये काचेमागचा रांजण बघून म्हणाली, "असला आमच्याकडं होता. त्यात कोंबडी अंड्यांवर बसायची." पण लक्ष तिचं नव्हतंच.

गेटवेला समुद्र दिसला आणि ती थांबली. बराच वेळ पाण्याकडे बघत होती. मग मला विचारलं, "आपली कोनची खाडी कुठं जाते, वैनी?"

"शेवटी इथेच येते. समुद्राला."

"मंग झालं." तिनं कठड्याशी जाऊन पदक काढलं, पाण्याला दाखवलं, पुन्हा गळ्यात घातलं आणि केळं सोलून अर्धं पाण्यात सोडलं. शिपाई धावत आला. "अम्मा, ये क्या डाल रहे हो?" "प्रसाद हाय. तू पण घे," म्हणून उरलेल्यातला तुकडा तिनं त्याच्या हातावर ठेवला. तो बिचारा तुकड्याकडे बघत उभा राहिला, मग खाऊन टाकला. त्यानंतर आम्ही इतकं जेवलो की दुमजली बसमध्ये वरच्या मजल्यावर दोघीही झोपून गेलो. मुंबई बघायची राहिलीच.

यंदाची नावंही तिच्याच मुलानं आधी देऊन ठेवली होती. तिचे तेरा दिवस संपले, लोक पांगले आणि मी पुन्हा सकाळची फिरू लागले. आता नीट वाचा, कारण हे मी तुमच्या आईलाही सांगितलेलं नाही. गोदामांच्या रस्त्यावर मला ती मागून ऐकू यायची. चपलेची फरफट, आणि मग आवाज. मी म्हातारपणाचे भास म्हणून सोडून देणारी बाई आहे, पण ते तसं सुटेना. मी मागे बघत नव्हते. पायांची गती तिच्या बेतानं ठेवत होते. भीती वाटायची का, तर हो. पण ती ऐकू येते याची नव्हे. एक दिवस ऐकू येणार नाही, याची.

सुनंदा म्हणाली, "मामी, या वर्षी नका जाऊ. लोक काय म्हनतील?" लोकांचं मला काही वाटत नव्हतं. इथल्या रस्त्यावर ती माझ्याबरोबर होती, तेवढं पुरत होतं. मुंबईच्या त्या गर्दीत, बँडबाजात तिचा आवाज हरवला तर काय, एवढाच प्रश्न होता. तरीही गेले. तिच्या नावाचा, छातीवर लावायचा नंबर छापून आला होता, तो घरी ठेवून जाणं मला जमेना. तो घडी करून स्वेटरच्या खिशात घातला.

सुरुवातीला ती होती. खरंच होती. ढोल वाजत होते, लोक ओरडत होते, आणि त्या सगळ्याच्या खालून फरफट येत होती. समुद्राच्या कडेचा रस्ता लागला, वारा सुटला, आणि मागचं सगळं थांबलं. मी गती कमी केली. थांबले. लोक मला वळसा घालून पुढे जात होते. मी वाट बघितली... आणि मग मागे वळले.

मागे पुष्कळ माणसं होती. पांढरे केस, टोप्या, हसरे चेहरे, एका गृहस्थांच्या हातात छत्री. ती नव्हती. मी सगळे चेहरे बघितले, आधीच माहीत असलेलं पुन्हा बघावं तसे. मग पुढे वळून उरलेलं अंतर चालले. पदक घेतलं. गेटवेला गेले नाही, तिच्या मुलाला म्हटलं, घरी चल.

त्या दिवसापासून ती मला ऐकू येत नाही. कोनच्या रस्त्यावर नाही, वळकडे नाही. कंटेनर जातात, कुत्री भुंकतात, माझेच बूट वाजतात. पहिले काही दिवस मी मुद्दाम सावकाश चालून बघितलं. आता बघत नाही.

एवढं मात्र खरं आहे की मी चालते. रोज सकाळी, गोदामांच्या भिंतीकडेनं, वळपर्यंत आणि परत. ते तिनं लावलेलं आहे, आणि ते अजून आहे.