नऊ फुटांची पटरी

वयाच्या त्रेसष्टाव्या वर्षापर्यंत माझ्या हातून एकही फळी सरळ कापली गेली नव्हती. आणि तरीही आंधळगावच्या आमच्या विहाराला पुस्तकांचं मोठं कपाट करून द्यायचं मी कबूल करून बसले होते.

सुतारकाम मला कोणी शिकवलं नाही. आमचे हे वरठीच्या कारखान्यातून रिटायर झाले आणि दिवसभर घरी टीव्ही पाहू लागले. एका घरात दोघांनी सकाळपासून संध्याकाळपर्यंत एकमेकांच्या समोर बसणं तब्येतीला बरं नाही, म्हणून मी मागच्या खोलीत जाऊन, मोबाइलवर बघत बघत पाट करू लागले. पहिला पाट डुगडुगला. दुसराही डुगडुगला. (तिसरा डुगडुगला नाही, कारण तो मी भिंतीला टेकवूनच ठेवला.) मग हातात धरायची गोल पात्याची करवत घेतली आणि मागच्या वर्षी विहाराला एक लहान मांडणी करून दिली. दिसायला देखणी, वरून पॉलिश. फक्त पुस्तकं ठेवली की ती हळूहळू सरकत जाऊन सगळी डाव्या कोपऱ्यात गोळा व्हायची!

आमच्या महिला मंडळाच्या अध्यक्ष कौसल्याबाई. बोलायला स्पष्ट. मोठ्या कपाटाचा विषय निघाला तेव्हा सगळ्या बायकांसमोर म्हणाल्या, "कुसुमताई, तुमच्या मांडणीवर पुस्तक शोधाच लागत नाई. सारे डाव्या कोपऱ्यातच भेटतात. आता मोठं कपाट तुमसरवरून लोखंडी आणू. सरळ तरी राहीन."

"मी करून देईन ना," मी म्हटलं.

"तुमी? अन् सरळ?"

"सूत धरल्यावानी सरळ."

"मंग असं करा," त्या म्हणाल्या. "दिवाळी झाली का एका रविवारी आमी येतो. आमच्यासमोर एक फळी कापून दाखवा. सरळ आली तं कपाट तुमचं. नाई आली तं त्याच दिवशी लोखंडी बुक. बोला!"

मी बोलले. बोलायला मला कधी अडचण आली आहे?

घरी येऊन सांगितलं तर हे म्हणाले, "सुताराले देऊन टाक काम. नाव तुझं सांगू."

"माझ्यासमोर कापा म्हणते ते बाई. सुताराले काय लुगडं नेसवू?"

मग मी मोबाइल घेऊन बसले आणि मला ट्रॅक सॉ दिसली. म्हणजे पटरीवर चालणारी करवत. फळीवर लांब पटरी ठेवायची, पटरीच्या खाचेत करवत बसवायची आणि नुसती पुढे ढकलायची. माणूस वाकडा असो, हात वाकडा असो, काप सरळच! ही वस्तू माझ्यासाठीच बनवली आहे याबद्दल मला शंका राहिली नाही.

पण कोणती घ्यावी? इथून घरात भांडणं सुरू झाली. आमचा मुलगा प्रवीण नागपूरला असतो. तो फोनवर म्हणाला, "आई, बॅटरीवालीच घे. वायर पटरीत अडकते."

यांनी फोन हिसकावला. "बॅटरी कायले? दोन वर्षात बसते. वायरवाली घे म्हणा."

"अन् लाइट गेली तं, बाबा?"

"लाइट गेली तं मी चहा पिईन," मी मागून ओरडले. वायरवाली ठरली.

मग पटरी किती लांब? प्लायची शीट आठ फूट. लांब कापायची तर पटरी तिच्यापेक्षा मोठी हवी. दोन तुकडे जोडून होणारी एक पटरी मिळते आणि नऊ फुटांची अखंड एक मिळते. हे म्हणाले, "जोडाची घे. ठेवाले सोपी."

"अन् जोडात सूतभर वाकडं आलं तं?"

"सूतभरानं काय होते व?"

"तुमाले नाई होत. कौसल्याबाईची नजर नेमकी त्या सूतभरावरच जाते."

त्यामुळे अखंडच घ्यायची, हे मी पक्कं केलं. घाईनं नाही हो! श्रावणात एक दिवस मी मागची खोली झाडून घेतली, यांना टेपचं एक टोक धरायला लावलं आणि खोली मोजली. तेरा फूट लांब, दहा फूट रुंद. मोकळी. बोललं तर आवाज घुमायचा. आकडे कागदावर लिहिले, कागद पर्समध्ये ठेवला आणि आम्ही नागपूरला गेलो.

दुकानातल्या माणसानं यांच्याकडे पाहून विचारलं, "साहेब, मशीन कोणासाठी?"

"हिच्यासाठी."

त्यानं माझ्याकडे पाहिलं. "काकू, मिक्सर त्या साइडला आहेत."

"मिक्सर आहे मायाजवळ," मी म्हटलं. "हे सांग, पातं फळीत वरून दाबून उतरते का? किती खोल जावं तो खटका कुठे आहे? पटरीच्या खाली रबर आहे का, का घसरते? अन् भुशाची पिशवी संगं देते का वेगळी घ्यावी लागते?"

त्यानं आतून मालकाला बोलावलं.

मालक शहाणा माणूस होता. म्हणाला, "काकू, सिंगल पटरी घ्यायची तर जागा लागते. उचलायला, फिरवायला. आपली खोली केवढी आहे?"

मी पर्समधून कागद काढून त्याच्यापुढे ठेवला. "तेरा बाय दहा. मधात एक खांबही नाई."

"मग काहीच प्रॉब्लेम नाही," तो म्हणाला. "फक्त एवढी लांब पटरी स्टॉकला नाही. दिवाळीनंतर येईल. करवत आणि पटरी सोबतच पाठवतो."

"चालते," मी म्हटलं. इतका विचार करून आमच्या घरात सूनसुद्धा पाहिली नव्हती. (ती प्रवीणनं पाहिली.)

दिवाळी झाली. कौसल्याबाईंनी रविवार ठरवला. आणि त्याच्या आदल्या दिवशी, शनिवारी, वरठीच्या ट्रान्सपोर्टवाल्याचा फोन आला, सामान आलं म्हणून. आम्ही मोटरसायकलवर गेलो. करवतीचा खोका यांनी पुढे टाकीवर बांधला. पटरीचा लांबच लांब खोका माझ्या खांद्यावर. दोन फूट यांच्या डोक्याच्या पुढे, पाच फूट माझ्या मागे. नेमकी कारखान्याची शिफ्ट सुटली होती. यांच्या जुन्या दोस्तांनी सायकली थांबवल्या.

"काय गा, रिटायर होऊन पाइपलाइन टाकून राहिला का?"

"घरचंच काम आहे," हे म्हणाले.

"वयनी, मागच्या टोकाले लाल कपडा बांधा. नाई तं कोणी येऊन धडकन!"

वळण आलं की हे ओरडायचे, "वळून राहिलो!" आणि मागे मी पटरी सांभाळत पुढच्या-मागच्या लोकांना ओरडायची, "वळून राहिलो!" मोहाडीच्या वळणावर एक म्हातारबा रस्त्याच्या कडेला उभा होता. त्यानं आधी पटरीला जाऊ दिलं, मग यांना, मग मला, मग पुन्हा पटरीला. शेवटी त्यानं मागे वळून पाहिलं, अजून काही यायचं राहिलं आहे का म्हणून!

घरी पोचलो. मी ऐटीत मागच्या खोलीचं कुलूप काढलं, दार ढकललं. दार अर्धंच उघडलं.

आत धान होतं.

भिंतीपासून भिंतीपर्यंत, मागे छतापर्यंत, नुसती पोतीच पोती! आता हे धान कोणी चोरून आणून ठेवलं नव्हतं. दरवर्षी दिवाळीनंतर मळणी होते आणि आमचं धान याच खोलीत येतं. चाळीस वर्षं येत आहे. श्रावणात खोली मोकळी असते, कारण तोवर जुनं धान संपलेलं असतं. यांची सगळी वर्षं कारखान्याच्या शिफ्टमध्ये गेली, त्यांना माहीत नसेल तर एक वेळ समजू. पण चाळीस वर्षं धान मी भरून घेतलं आहे! याही वेळी, आठच दिवसांपूर्वी, मी स्वतः दारात उभी राहून "अशी नाई बापू, आडवी लाव" म्हणत एकेक पोतं रचून घेतलं होतं.

हे दारातून आत डोकावले. "केवढी म्हटली होती तू दुकानदाराले?"

"तेरा बाय दहा."

"अन् आता?"

"तेरा बाय तीन."

"तुझ्या ध्यानात कसं नाई आलं?"

"करवत माया डोक्यात एका जागी होती, धान दुसऱ्या जागी," मी म्हटलं. "दोघांची जागा एकच हाये, हे मले कोणी सांगितलं?"

अंगणात करावं तर अंगणाला उतार. पुढच्या खोलीत करावं तर दिवाण, टीव्ही आणि हे. पोती हलवायला रविवारी माणूस मिळणार नाही. मी त्या तीन फुटांत उभी राहून पोत्यांकडे पाहत राहिले आणि पाहता पाहता माझ्या डोक्यात उजेड पडला. मागच्या रांगा छतापर्यंत होत्या, पण अगदी पुढची रांग कमरेएवढीच होती. पाच पोती लांबीत, शेजारीशेजारी, वरून सपाट. यापेक्षा चांगलं टेबल नागपुरात तरी मिळालं असतं का?

यांना एक टोक धरायला लावून, आणून ठेवलेली प्लायची शीट त्या पोत्यांवर आडवी टाकली. पुढची कड अर्धा फूट बाहेर. हलवून पाहिली, हलेना. मी यांच्याकडे असं पाहिलं की जणू धान मी मुद्दाम टेबलासाठीच पेरलं होतं.

"खाली थर्माकोल टाक," हे म्हणाले. "व्हिडिओत तो पोट्टा टाकते. पातं फळीच्या खाली उतरते म्हणून."

माझे व्हिडिओ हेही पाहतात, हे मला तेव्हा कळलं. पण यांचं ऐकलं तर मग राहिलं काय?

"मऊ काहीतरी पाह्यजे ना खाली? धान मऊच असते."

"अन् पातं किती खोल उतरवशीन?"

"उतरन तितकं उतरू द्या. फळी अर्धवट कापल्या गेली तं बाया हसतीन." आणि मी खटका शेवटच्या आकड्यावर नेऊन ठेवला.

रविवारी दुपारी कौसल्याबाई चार बायका घेऊन आल्या. जयभीम झाला, चहा झाला. पाचही जणी दारात आणि खिडकीत उभ्या राहिल्या, कारण आत जागा माझ्यापुरतीच होती. मी पदर खोचला, यांचा कारखान्यातला जाड चष्मा लावला. एक फूट रुंदीची फळी काढायची होती. पटरी ठेवली, ती हलू नये म्हणून दोन्हीकडून शिकंजे कसले. बटण दाबलं, करवत खाली दाबली आणि ढकलली.

काय सांगू तुम्हाला! लोण्यातून सुरी जावी तशी गेली. आवाज मोठा, पण हाताला धक्का नाही. भुशाची पिशवी टम्म फुगत चालली. एवढा भुसा एका फळीतून कसा निघतो, याचं मला जरा नवल वाटलं, पण मी म्हटलं, महागाची मशीन आहे, काम जास्त करत असेल. आठ फूट गेले, करवत उचलली, बटण सोडलं. मशीन बंद झाली.

आवाज मात्र बंद झाला नाही. खालून सर्र सर्र असं काहीतरी येतच राहिलं.

"ताई," खिडकीतल्या बाई म्हणाल्या, "तुमच्या पायावर धान येऊन राहिलं."

खाली पाहिलं तर माझे पाय दिसेनात! पातं फळी पार करून पुढे बोटभर खाली उतरलं होतं आणि पाचही पोत्यांचे खांदे या टोकापासून त्या टोकापर्यंत चिरून गेलं होतं. धान धो धो वाहत होतं. मी चिरेवर हात दाबला तर दुसऱ्या पोत्यातून येई. दुसरं दाबलं तर चौथ्यातून. शेवटी मी दोन्ही हात पसरून पोत्यांवर आडवी पडले, डोळ्यांवर चष्मा तसाच, आणि ओरडले, "अवो, सूप आणा! घमेलं आणा! काहीही आणा!"

हे दारात आले. शांतपणे पाहिलं. म्हणाले, "थर्माकोल आणू?"

बायकांनी मात्र हात लावला. कोणी सुपानं, कोणी घमेल्यानं, कोणी पदरानं, तासभर सगळ्या धान भरत होत्या. भुशाची पिशवी उलटी केली तर त्यातून लाकडाचा भुसा कमी आणि अर्धवट कांडलेले तांदूळच जास्त निघाले! माझं लक्ष धानात नव्हतं. कपाट गेलं, एवढंच डोक्यात होतं. मी कापलेली फळी उचलून कौसल्याबाईंपुढे धरली. "बाई, धानाचं सोडा. फळी पाहा. फळी सरळ आली आहे."

त्यांनी फळीकडे पाहिलंसुद्धा नाही. त्या पोत्यांपुढे उकिडव्या बसल्या होत्या. एका डोळ्यानं, दुसरा मिटून, पहिल्या पोत्यापासून पाचव्यापर्यंत पाहत होत्या. मग बोट फिरवलं. मग दुसऱ्या बायकांना बोलावलं.

"पाहा व इकडे. पाचही पोते एका रेषेत! इकडे तिकडे केसभर नाई."

"बापा! टेलरलेबी नाई जमणार असं," दुसरी म्हणाली.

"पण फळी..." मी म्हटलं.

"राहू द्या हो फळी! वळवळत्या पोत्यावर एवढं सरळ येते तं लाकडावर कायले नाई येणार?" कौसल्याबाई उठल्या, हात झटकले. "लोखंडी आलमारी कॅन्सल. कपाट कुसुमताईच करतीन. फक्त एक करा, ताई. आमच्या घरची पडवी मोकळी हाये. तिथे येऊन करा. तिथे फाडासारखं काही नाई."

कपाट झालं आणि विहारात उभंही राहिलं. पण मला सांगा, चाळीस वर्षं त्या खोलीतलं धान मी सांभाळलं, दाणा सांडू दिला नाही, तर कोणी ब्र काढला नाही. आणि पाच पोती उभी चिरली, तेव्हा कुठे गावानं मला मिस्त्री म्हटलं!