आधी पावडर, मग नमुना

“हिपॅटायटिस-ई,” डहाणूच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “दूषित पाण्यातून होणारी कावीळ. गरोदर बाईच्या जिवावर बेतते. पाणी कुठलं पिता?”

माझी मुलगी सविता सातव्या महिन्यात बाळंतपणासाठी उधव्याजवळच्या आमच्या पाड्यावर आली होती. चार दिवस ताप, ओकाऱ्या, मग डोळे पिवळे. २०१६चा पावसाळा होता.

“विहिरीचं. पण आमच्या पंचायतीला हिरवं कार्ड आहे,” मी ऐटीत सांगितलं. हिरवं म्हणजे पाणी सुरक्षित. पंचायतीचा जलसुरक्षक मीच. विहिरीत औषध टाकायचं आणि तपासणीला नमुना भरायचा, हे माझं काम.

“नमुना पावडर टाकायच्या आधी घेता की नंतर?”

तपासणी आली की आम्ही सकाळी टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर, विहिरीत ओतायचो आणि दुपारी नमुना भरायचो. पाहुणे यायच्या आधी अंगण सारवतात तसं. एरवी गोणी पंचायतीत पडून असायची. लाल कार्ड नको म्हणून ग्रामसेवकांनी शिकवलेलं. पण ओतणारा हात माझा.

सविताला तिथेच भरती करून घेतलं. यकृत किती बिघडलंय ते कळायला रोज आयएनआर, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो ती तपासणी. रिपोर्ट येईपर्यंत बाकावर बसून मी स्वतःला शिव्या घालायचो.

तिसऱ्या दिवशी तडक गावी गेलो. पंचायतीच्या कपाटात एच-टू-एस बाटल्या पडून होत्या. खुणेपर्यंत पाणी भरायचं, उबेला ठेवायचं. एक-दोन दिवसांत काळी पडली तर पाण्यात मैला मिसळला असं धरायचं. काविळीचा विषाणू ती दाखवत नाही, पण पाणी उकळा एवढं तरी सांगते. या वेळी पावडर न टाकता भरली. सकाळी पाहतो तर शाईसारखी काळी.

ती ग्रामसेवकांच्या टेबलावर आपटली.

“पावडर न टाकता कशाला भरलीस?”

“पोरगी तिकडं मरायला टेकलीय, नि तुम्हाला कार्डाची पडलीय?” मी ओरडलो.

सविता वाचली. बाळ गेलं. डॉक्टरीणबाई आणि नर्सताईंनी तिच्यासाठी रात्रीचा दिवस केला. त्यांचे उपकार फिटायचे नाहीत. तुमच्या गावात हे काम कुणीही करो, नमुना आधी भरायला लावा. भांडून लावा.

घरी यायच्या आदल्या दिवशी मी सविताला सगळं सांगितलं.

आजही माहेरी आली की माझ्या हातचा पेला तोंडाला लावण्याआधी थांबते. विचारते, “बाबा, उकळलंय ना?”

दर वेळी विचारते. विचारायलाच हवं.