पंपघराबाहेरचे दिवे

अर्धी वाट सरली तेव्हा मामांनी डबा पुन्हा उघडला. आत जुन्या बनियनच्या चिंधीवर पाकोळीचं पिल्लू बसलं होतं. झाकण निघताच त्यानं चोच वासली.

"बघ, याचा भरवसा अजून आहे," मामा म्हणाले.

भाचीनं वाटेत धरलेला नाकतोडा पुढे केला. पिल्लाला तो गिळवेना.

"घरच्या जेवणाची सवय," ती म्हणाली. मामा हसले नाहीत. मामी आजारी असतानाही पंपघर न सोडणारा हा माणूस आज पंप दुसऱ्यावर टाकून नदीकाठानं निघाला होता. वरच्या पुलाखाली पाणी गार असतं. तिथं अजून किडे उठत असतील, तिथल्या एखाद्या घरट्यात याची सोय लागेल, एवढीच आशा.

थंडी सरली की नदीतल्या किड्यांना पंख फुटत. संध्याकाळी ते थव्यांनी वर येत आणि पंपघराच्या वळचणीतल्या पाकोळ्या त्यांवर पिल्लं पोसत. पण बाहेरचे दिवे लागले, की किडे तिथंच झेपावून मरत. म्हणून त्या दिवसांत मामा बाहेर अंधार ठेवत. काठावरचं मोठं झाड फुललं, की किडे उठायची वेळ झाली समजून दिवे बंद. जुन्या पंपवाल्यानं त्यांना तेच शिकवलं होतं.

"मामा, हे पंपघर आहे की बाळंतिणीची खोली?" पाहणीला येणारे साहेब विचारत.

"पंप आतल्या दिव्यावर चालतो, साहेब."

यंदा ऊन लवकर तापलं. झाडाला नुसत्या कळ्या, तोवर पाणी कोमट होऊन किडे उठलेसुद्धा. मामांनी झाडाकडे पाहिलं, "अजून वेळ आहे" म्हणाले आणि बाहेरचे दिवे तसेच चालू ठेवले. पुढे झाड फुललं, दिवे मालवले, वळचणीत अंडी फुटली. नदीवर मात्र किडा नव्हता. पाकोळ्या रिकाम्या चोचीनं परतत. पिल्लं एकेक करून खाली पडली.

"झाडानं केसानं गळा कापला," मामा आता चालता चालता म्हणाले.

"त्याचे पाय मातीत, मामा. पाण्याची खबर त्याला कुठून?"

"मग नदीनं तरी सांगायचं? जन्म काढला तिच्या काठी." ते थांबले. "आणि मी? रोज सकाळी मेलेल्या किड्यांचा ढीग झाडून टाकत होतो. केरसुणी हातात, डोळे झाडाकडे!"

पूल आला. मामांनी पाण्यात हात घातला आणि चटका बसावा तसा काढला. इथलंही कोमटच. पुलाखालच्या घरट्यांतून आवाज नव्हता. त्यांनी डबा उघडला. या वेळी चोच उघडली नाही.

भाचीनं हात जोडले, मनातल्या मनात देवाचं नाव घेतलं. मामांनी चिंधी नीट गुंडाळली, झाकण लावलं आणि डबा मांडीवर घेऊन बसले.

"पोरी, एक करशील? तू सकाळी नदीवर येतेसच. थंडी ओसरली की रोज पाण्यात हात घालून बघ. कोमट लागलं की मला न विचारता बाहेरचे दिवे मालव. मी झाड दाखवीन, अजून वेळ आहे म्हणेन, ओरडेनसुद्धा. माझं ऐकू नकोस."