दुसरीच्या वर्गातली माणसं

दारू पिणाऱ्यांचे किस्से गावोगाव ऐकायला मिळतात. सोडणाऱ्यांचे मात्र कुणी सांगत नाही. लोकांना वाटतं, दारू सोडलेला माणूस म्हणजे तोंड पाडून बसलेला, पथ्यावरचा. देवळाली प्रवराच्या एका शाळेत दर गुरुवारी संध्याकाळी आम्ही दहा-बारा जण जमतो. काही सोडलेले, काही सोडू पाहणारे. तिथे जेवढं हसलो तेवढं मी अड्ड्यावर कधी हसलो नाही. किस्से इतके साठलेत, की आता सांगून टाकलेलेच बरे.

मी साखर कारखान्यात फिटर. दिवाळीनंतर माझ्या सारिकाचं लग्न ठरलं आणि सुपारी फुटली त्याच संध्याकाळी मी पिऊन घरी आलो. पोरगी रडली नाही की भांडली नाही. एवढंच म्हणाली, "नाना, हळदीला आन् लग्नाला पिऊन येणार असाल तर येऊच नका. मामा करतील कन्यादान." पुढच्या गुरुवारी मी त्या शाळेच्या दारात उभा होतो. लग्नाला अडीच महिने राहिले होते.

*

आम्हाला वर्ग मिळालाय दुसरीचा. त्यामुळे बाकही दुसरीच्या पोरांच्या मापाचे. बसलो तर गुडघे हनुवटीला टेकले. फळ्यावर सकाळचा सुविचार तसाच होता, 'रोज अंघोळ करावी.'

पद्धत अशी, की एकेकाने उभं राहायचं, नाव सांगायचं आणि 'मी दारुडा आहे' म्हणायचं. ते मोठ्याने म्हणायला माझी जीभ रेटेना. शेवटी जीव एकवटून उठलो, तर बाकही माझ्याबरोबर उठला. अंगाला घट्ट बसलेला. दोघांनी धरून ओढला तेव्हा सुटलो.

बापू म्हणजे एसटीतले रिटायर कंडक्टर आणि गटात सगळ्यांत जुने. ते शांतपणे म्हणाले, "असू द्या. पयल्या दिवशी समद्यांचाच बाक उठतो. बोला."

मग मात्र बोललो.

*

साहेबराव आमच्यात आला तो चुकून. त्या दिवशी शेजारच्या वर्गात ठिबक सिंचनाच्या अनुदानाची मीटिंग होती. हा सातबारा, आधार कार्ड, बँकेचं पासबुक अशी फाईल घेऊन आमच्या वर्गात येऊन बसला. एकाने सांगितलं, पिण्यापायी बैलजोडी विकली. दुसऱ्याने सांगितलं, पोराच्या शाळेत झिंगून गेलो. साहेबराव मान डोलवत ऐकत होता. त्याला वाटलं, अनुदान मिळायला आधी आपली परिस्थिती सांगावी लागत असेल.

त्याची पाळी आली. तो फाईल छातीशी धरून उभा राहिला.

"मी ठिबकसाठी आलो हुतो," तो म्हणाला. मग फाईल बाकावर ठेवली. "पन तुमी जे सांगितलं ते समदं माझ्या बी घरात झालंय. आता आलोच हाय तर बसतो."

त्याला सात महिने झाले. दारू सुटली, ठिबक अजून मंजूर व्हायचंय.

*

भाऊसाहेब शनिशिंगणापूरचा. घराला दार नाही, कपाटाला कुलूप नाही आणि गावात चोरी नाही, याचा त्याला भारी अभिमान. फक्त एक अडचण होती. त्याने लपवलेली बाटली रोज नाहीशी व्हायची. कधी धान्याच्या कोठीतून, कधी कडब्याखालून.

"मग तक्रार करायची ना," नजीरभाई म्हणाले. नजीरभाई राहुरीचे टेलर, आमच्यातले सगळ्यांत सरळ मनाचे.

"कुनाकडं करू? शनिदेवाच्या गावात चोरी झाली म्हनलो असतो, तर गाव मलाच हाकलून द्यायला उठलं असतं."

दोन वर्षं त्याने शेजाऱ्यावर, मेव्हण्यावर, दूधवाल्यावर संशय घेतला. शेवटी कळलं, ऐंशी वर्षांची आई ती बाटली उकिरड्यावर ओतत होती. भाऊसाहेबाने तिला विचारलं, "आये, तुला देवाची भीती न्हाई वाटली?" म्हातारी म्हणाली, "त्यालाच सांगून वतते."

*

नजीरभाईंचं निराळंच. दारू सोडून महिना झाला, हात थरथरायचा थांबला. एक दिवस दुकानात एक बाई जुना ब्लाऊज घेऊन आली आणि म्हणाली, याच मापाचा शिवा. नजीरभाईंनी तो उलटापालटा करून पाहिला. एक बाही दुसरीपेक्षा चार बोटं लांब.

"हे कोणत्या गाढवाने शिवलं?"

मशिनीवर बसलेली त्यांची बायको म्हणाली, "तुम्हीच."

त्यानंतर नजीरभाईंनी अख्ख्या गल्लीतले ब्लाऊज मागवून घेतले आणि फुकट उसवून परत शिवून दिले. एका आजींनी तेवढे दिले नाहीत. त्यांना आता तसेच सवयीचे झाले होते.

*

आमच्यात एक नियम आहे. तलफ आली की कुणाला तरी फोन करायचा. माझी सगळ्यांत मोठी तलफ आली लग्नपत्रिका छापून आल्या त्या दिवशी. पत्रिकांचा गठ्ठा गाडीला अडकवलेला आणि गाडी आपोआप दारूच्या दुकानासमोर थांबलेली. मी घाबरलो होतो, हे खरं सांगतो. बापूंना फोन लावला.

बापूंनी ना उपदेश केला, ना धीर दिला. म्हणाले, "नगरहून शिर्डी. थांबे सांग."

"बापू, मी दुकानासमोर उभाय."

"ऐकलं. थांबे सांग."

मी सुरू केलं. "नगर, विळद घाट, राहुरी, राहुरी फॅक्टरी, बाभळेश्वर, राहाता..."

"कोल्हार ऱ्हायलं. कोल्हारचं पॅसेंजर काय रस्त्यावर सोडतो का? परत नगरपासून."

परत नगरपासून निघालो. या वेळी मध्ये एक गाव जास्तीचं घातलं म्हणून पुन्हा मागे. चौथ्या फेरीला शिर्डीला पोचलो तेव्हा दुकानाकडे माझी पाठ होती आणि मी गाडी ढकलत रस्त्याला लागलो होतो. ती चालू करायची असते हेसुद्धा सुचलं नव्हतं.

*

आणि मग हळद.

आमच्याकडे हळदीचा दिवस म्हणजे पिणाऱ्यांचा पोळाच. म्हणून अख्खा गट सकाळपासून आमच्या अंगणात. मला कुणीही पेला दिला की आधी तो भाऊसाहेब पिऊन बघायचा. दुपारपर्यंत तो अकरा पेले सरबत प्यायला आणि झाडाखाली आडवा झाला. पाहुण्यांना वाटलं, हा आमचा फारच जवळचा नातेवाईक.

बँजो सुरू झाला. नजीरभाईंनी मला ओढलं. पोरीची हळद, अंगात त्यांनीच शिवलेला नवा नेहरू शर्ट, दोन्ही बाह्या अगदी सारख्या. मी नाचायला लागलो आणि थांबेचना. डोक्याला टॉवेल बांधून, हात वर करून, मिळेल त्याला ओढून नाचलो. इतका आनंद मला कधी झाला नव्हता.

तेवढ्यात नवरदेवाकडची उष्टी हळद घेऊन बायका आल्या. बरोबर नवरदेवाचे चुलते. ते माझ्याकडे बघतच राहिले आणि बायकोला म्हणाले, सगळ्यांना ऐकू जाईल असं, "व्याही दुपारीच लई चढवून बसलेत की."

माझे पाय जागच्या जागी थांबले. बँजोवालाही थांबला. माझी बायको खाली बघायला लागली. भाऊसाहेब झाडाखालून उठून काही बोलणार होता, बापूंनी त्याचा हात धरला.

सारिका हळद लावलेली पाटावर बसली होती. बायका 'उठू नको, उठू नको' म्हणत असताना ती उठली आणि ओल्या अंगाने सरळ त्या चुलत्यांसमोर येऊन उभी राहिली.

"न्हाई वो काका," ती म्हणाली. "पिल्यावर त्यांना आमी मायलेकी उचलून आनायचो. नाचताना मी त्यांना आज पयल्यांदा बघतीय."

मग तिने स्वतःच्या गालावरची हळद माझ्या गालाला फासली आणि बँजोवाल्याकडे वळून म्हणाली, "वाजवा."