वहिनीची जांभळाची वाइन

आमची वहिनी जांभळाची वाइन करायची. डहाणूच्या बाजारात झरी गावची एक बाई बसायची, तिच्याकडून पाटीभर जांभळं घेऊन मसोलीतल्या घरी बरणीत साखरेबरोबर मुरवायची. दिवाळीनंतरच्या एका रविवारी दुपारी सगळ्या गोतावळ्याला जेवायला बोलवायची. वाइनबरोबर तव्यावर भाजलेले सुके बोंबील, तांदळाची भाकरी आणि लसणाची चटणी. माझा मुंबईचा भाचा एकदा शहाणपणाने म्हणाला, लाल वाइनबरोबर मासे चालत नाहीत. वहिनी म्हणाली, "तुमच्याकडे चालत नसतील." पठ्ठ्याने मग तीन ग्लास रिचवले.

कृती मात्र तिने कुणाला पुरती सांगितली नाही. मी दोनदा विचारलं, तर हसून म्हणाली, "हाताला लागतं ते." तेव्हापासून मला संशय होता की ही बाई काहीतरी लपवते. खरं सांगायचं तर मला ती आवडत नव्हती. तिचं कौतुक सुरू झालं की माझं डोकं फिरायचं.

ती गेली आणि रेल्वेतून निवृत्त झालेला माझा दादा दरवर्षी जांभळं आणून बरणी घेऊन बसू लागला. त्याला तिच्या हातची चव एकदाच, फक्त एकदाच, पुन्हा हवी होती. तोच रविवार, तेच बोंबील. आम्ही सगळे ताटावर बसलेलो असायचो. दादा एक घोट घ्यायचा, ग्लास खाली ठेवायचा आणि म्हणायचा, "नाही. तिची नाही." पहिल्या वर्षी मी रडले. तिसऱ्या वर्षी मला वीट आला.

चौथ्या वर्षी मी त्याची वाइन सकाळीच मोरीत ओतली आणि त्या बाटलीत दुकानातून आणलेली नाशिककडची द्राक्षाची लाल वाइन भरली. हिलाही तो 'नाही' म्हणणार, याची मला खात्री होती. मग सगळ्यांसमोर त्याला सांगणार होते, तुला जगातली कुठलीच वाइन पटणार नाही, आता हे नाटक पुरे कर.

दादाने घोट घेतला. बोंबलाचा तुकडा मोडला, खाल्ला, पुन्हा घोट घेतला. त्याचे डोळे भरून आले.

"हीच," तो म्हणाला. "जमली गं. हीच तिची."

दुसरं कुणी असतं तर गप्प बसलं असतं. मी नाही बसले.

"दादा, ती दुकानातली आहे. तुझी मी मोरीत ओतली." एवढ्यावर थांबले असते तरी चाललं असतं. "म्हणजे वहिनी इतकी वर्षं आपल्याला दुकानातलीच पाजत होती." बोलून झाल्यावर मला अगदी गार वाटलं. दादाची सून ताट उचलून आत गेली.

दादा ओरडला नाही. दुकान कुठलं, एवढंच विचारलं. दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या दारात उभा, खिशात वहिनीचा फोटो. "चल," म्हणाला.

दुकानदाराने फोटो हातात घेऊन नीट पाहिला. "ना काका, ही बाई कधी आली नाही. बायका येतात किती इथे? लक्षात राहिली असती." मग स्टेशनजवळच्या दुकानात गेलो, तिथेही नाही. मग बस पकडून तलासरी. तिथल्या माणसानेही मान हलवली.

बायकोवरचा आळ पुसायला निघालाय, असं मी समजत होते. शेवटी माझा संयम सुटला. "तिघं नाही म्हणाले ना? सुटली तुझी बायको. आता घरी चल."

"ती सुटली गं," दादा रस्त्यातच थांबून म्हणाला. "तिने विकत आणली असती तर बरं झालं असतं. मग तिची चव मला आठवत होती, असं तरी झालं असतं."

समोर आणखी एक दुकान होतं आणि तो फोटो घेऊन तिकडे निघाला होता. त्याचे गुडघे दुखतात, तो सावकाश चालतो. मी पुढे जाऊन मालकाच्या कानात सांगू शकले असते, एवढं 'हो' म्हणा. म्हणाला असता तो, त्याचं काय जात होतं?

मी रस्त्याच्या अलीकडेच उभी राहिले. मालकाने मान हलवलेली मला तिथूनही दिसली.